वरच्या खोलीतलं ‘हुं’

१

फोर्ट टालमन जिंकायला कॅप्टन अँब्रोज थर्कलला एकही गोळी झाडावी लागली नाही, आणि याच गोष्टीचा त्याला मनस्वी संताप आला होता.

अर्धं आयुष्य राजाचा लाल कोट अंगावर वागवून, हॉलंडच्या चिखलात गुडघे कुजवून शेवटी वाट्याला आलं ते काय, तर ब्लॅकॲश नदीच्या काठचा हा मेढेकोट! टोकदार ओंडक्यांची भिंत, आत बराकी म्हणायच्या अशा दोन-तीन खोपट्या आणि कोपऱ्यात एक दुमजली लाकडी बुरूज. नकाशावर माशी बसली असती तर तिच्याखाली अख्खा किल्ला झाकून गेला असता. अमेरिकेनं इंग्लंडशी युद्ध पुकारल्याला महिना-दोन महिने होत आले होते. दोन्हीकडची सरकारं असल्या खुराड्यांसाठी माणसं पाठवत होती, आणि माणसंही मुकाट जाऊन मरत होती.

थर्कलनं शिपाई जंगलाच्या कडेला उभे केले, तोफ रोखली, आणि तेवढ्यात समोरचा दरवाजा उघडला. अमेरिकन किल्लेदार कॅप्टन एलिफलेट वॉर्नर दोन्ही हातांवर तलवार आडवी धरून स्वतःच चालत बाहेर आला. दाढी वाढलेली, कोटाची बटणं भलत्याच काजांत.

थर्कलनं या प्रसंगासाठी भाषण तयार ठेवलं होतं. ते त्यानं सुरू केलं. राजाची सत्ता, बंडखोरांचा उद्धटपणा, शरणागताला मिळणारी दया. प्रत्येक वाक्य संपलं की वॉर्नर मान किंचित मागे वळवी, किल्ल्याच्या दिशेनं कान देई, आणि मग सुटकेचा श्वास टाकी.

“ऐकताय ना?” थर्कल खेकसला.

“ऐकतोय हो. बोला ना, थांबू नका,” वॉर्नर म्हणाला. “इथं बाहेर किती छान बोलता येतं माणसाला.”

त्याचे डोळे भरून आले होते.

“हुं!” थर्कलनं नाकातून श्वास सोडला. हे त्याचं नाकातलं हसणं सगळ्या पलटणीला माहीत होतं. एका ‘हुं’मध्ये तो माणसाची तीन पिढ्यांची लायकी काढी. शेजारी उभ्या असलेल्या सार्जंट मर्डो गिलिसला तो म्हणाला, “माझ्या म्हाताऱ्या आजीनं याच्यापेक्षा जास्त वेळ किल्ला लढवला असता.”

“आजीला भेटायला आवडलं असतं, साहेब,” गिलिस म्हणाला. हा स्कॉटलंडच्या डोंगरातला जुना गडी. त्याच्या बोलण्यात टोमणा कुठला आणि आदर कुठला, हे थर्कलला कधी कळलंच नाही.

अमेरिकन शिबंदी नदीकाठानं निघून गेली. हरलेली माणसं पाय ओढत जातात. ही जवळजवळ पळतच गेली.

२

किल्लेदाराची खोली बुरुजाच्या वरच्या मजल्यावर होती. चारी बाजूंना बंदुका रोखायच्या जंग्या, नदीकडे एक खिडकी, शेकोटी, टेबल, एक खाट, एक खुर्ची. उन्हं आत येत होती. खोली चांगली होती, एवढं थर्कलनंही मान्य केलं.

मग त्याला भिंत दिसली. खाटेसमोरच्या ओंडक्यांत बंदुकीच्या गोळ्या रुतलेल्या होत्या. एकीच्या शेजारी एक, साधारण माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बाहेरून आत आलेल्या नव्हेत. खोलीत उभं राहून खोलीतच झाडलेल्या.

“बघ रे गिलिस, अमेरिकन नेमबाजी. शत्रू बाहेर, गोळ्या घरात.”

गिलिसनं एका भोकात करंगळी घालून पाहिली. “नेम वाईट नाही, साहेब. सगळ्या एकाच जागी आहेत.”

“दारू पिऊन मारल्या असतील.”

“असेल. प्यायलेल्याचा हात एवढा स्थिर राहत असेल तर आपणही प्यावी.”

किल्ल्यात एकच अमेरिकन जीव मागे राहिला होता: स्वयंपाकीण टबिथा क्रोल. नवरा मागच्या हिवाळ्यात तापानं गेलेला. डुकरं पाळून होती आणि ती सोडून जायला साफ नकार देत होती.

“झेंडा तुम्ही कुठलाही लावा,” तिनं थर्कलला सुनावलं होतं. “डुकरांना दोन वेळा खायला लागतं, आणि कॅप्टन लोकांनाही. मला त्यात फारसा फरक दिसत नाही.”

तिनं वर जेवण आणलं. मक्याचा पाव, घेवडा, खारवलेलं मांस. ताटली टेबलावर ठेवून ती लगेच वळली.

“थांब,” थर्कल म्हणाला. “तुमचा वॉर्नर या भिंतीवर गोळ्या का झाडत होता?”

“मला काय ठाऊक! मी खाली पीठ मळते.” ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. “आधी ते इथं बसून जेवायचे. मग जेवण कमी झालं. मग बोलणं. शेवटी शेवटी हुकूम द्यायचा असला की अंगणात येऊन माझ्या कानात सांगायचे. मी जाऊन शिपायांना सांगायची. म्हणजे बघा, महिनाभर हा किल्ला मीच चालवला म्हणायचं.”

“आणि छान चालवलास,” थर्कल म्हणाला. “हुं.”

बाईनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. मग तिला कळलं की तोच हसला. ती भराभर खाली गेली.

३

पुढचे काही दिवस रोजच्यासारखे गेले. सकाळी ढोल वाजे, झेंडा चढे, थर्कल गिलिसला वर बोलावून दिवसाचे हुकूम सांगे.

एका सकाळी तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. “नदीकडची भिंत दुरुस्त करा. तोफेचा गाडा फिरवून दरवाजाकडे आणा. अमेरिकन येतीलच. आले की त्यांना कळेल, खरा सैनिक किल्ला कसा राखतो ते.”

“हुं.”

आवाज पाठीमागून आला. लहानसा, नाकातून सोडलेला, कोरडा. थर्कल गर्रकन वळला.

“काय म्हणालास?”

“मी? काही नाही, साहेब. भिंत, तोफेचा गाडा. समजलं.”

गिलिसचा चेहरा दगडी होता, पण तो तसा नेहमीच असे. थर्कलनं सोडून दिलं. लाकूड आवळताना वाजतं. धुराड्यात पाकोळ्या असतात. नाक तर कुणाचंही वाजतं.

दुपारी तो एकटाच टेबलाशी बसून वरिष्ठांना पाठवायचा खलिता मोठ्यानं म्हणून पाहत होता. “शत्रूचा कडवा प्रतिकार मोडून काढून...”

“हुं.”

या वेळी खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

थर्कलनं खलिता खाली ठेवला. मग उठला, खाटेखाली पाहिलं, धुराड्यात काठी घालून ढवळलं, जमिनीच्या फळ्यांवर टाच आपटत फिरला. काजळी पडली. खालच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्यानं हाक मारून विचारलं, साहेबांना काही हवंय का. साहेबांना काही नको होतं. तो परत बसला. थोडं थांबून त्यानं वाक्य बदललं, आवाज जरा खाली आणला.

“शत्रूनं प्रतिकार न करता...”

शांतता. त्याला जरा बरं वाटलं. आणि ते बरं वाटणंच त्याला फार झोंबलं.

४

चोराची भीती वेगळी, रोगाची वेगळी. ही भीती थर्कलला ओळखीची नव्हती, कारण ती भीतीसारखी वागतच नव्हती. आवाजानं त्याला कधी इजा केली नाही. थंडी पडली नाही, दिवा विझला नाही. भर दुपारी, ऊन टेबलावर पडलेलं असताना, त्याच्या वाक्याच्या अगदी नेमक्या जागी ते येई. तो थोडा फुगला की येई. एखाद्याला मूर्ख ठरवलं की येई. जणू मूर्ख म्हणणाऱ्याचीच लायकी त्या मूर्खाहून कमी आहे. टोपी नीट करून आरशात पाहिलं, तरी येई.

शिपायांतलाच कुणीतरी असणार, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. त्याखेरीज दुसरं शक्य तरी काय होतं? ही माणसं नांगराचे फाळ सोडून बंदुका धरायला आलेली. त्यांना अधिकाऱ्याची टिंगल करण्याइतकी अक्कल असावी, याचंच त्याला नवल वाटलं.

एकदा ईनक ट्रँटर नावाचा शिपाई शेकोटीची लाकडं घेऊन वर आला. बारीक अंगाचा, बारमाही सर्दीनं बेजार. त्याच वेळी थर्कल गिलिसला बजावत होता, “माझ्या हाताखालचा एक माणूस त्यांच्या दहांना भारी आहे.”

“हुं.”

“पकडला!” थर्कल ओरडला. त्याचा आनंद इतका उघडा होता की गिलिसनं नजर खाली घातली.

“मी नाही, कॅप्टनसाहेब!” ट्रँटरच्या हातातली लाकडं खाली पडली. “आईशप्पथ. मला नाकानं श्वाससुद्धा घेता येत नाही हो, हसू कुठून?”

“सार्जंट, तू ऐकलंस?”

“ऐकलं, साहेब.”

“मग?”

गिलिसनं सावकाश उत्तर दिलं. “आवाज आला, एवढं खरं. पण ट्रँटर माझ्या डावीकडे होता.”

“आणि आवाज?”

गिलिसनं फक्त थर्कलकडे पाहिलं, आणि थर्कलला वाटलं, याच्या नजरेत कीव आहे. मग तर सगळंच संपलं. ट्रँटरला फटक्यांची शिक्षा झाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शिबंदी अंगणात चौकोन करून उभी राहिली. ट्रँटरला तीन वाशांच्या तिकाटण्याला बांधलं, दातांत चामड्याचा तुकडा दिला. ढोलावर काठी पडली, की चाबूक पडे. क्रोलबाई स्वयंपाकघराच्या दारात पीठभरल्या हातांनी उभी होती. तिला आत जायला सांगितलं, ती गेली नाही.

थोड्या वेळानं ट्रँटरचं ओरडणं विव्हळण्यावर आलं. दोन फटक्यांमधल्या शांततेत, सगळ्यांना स्वच्छ ऐकू जाईल असं, ते आलं.

“हुं.”

चौकोनातली एक-एक मान वर झाली. ट्रँटरच्या तोंडात चामडं होतं. ढोल थांबला. चाबूकवाल्यानं हात खाली घेतला आणि कॅप्टनकडे पाहिलं. सगळेच कॅप्टनकडे पाहत होते.

थर्कलला वाचायची संधी होती ती हीच. ‘सोडा त्याला, चूक झाली,’ एवढे शब्द पुरले असते. ते त्याच्या ओठांपर्यंत आलेही. पण ते बोलल्यावर मागून काय येईल, या विचारानं त्याच्या मानेवर काटा आला.

“चालू ठेवा,” तो म्हणाला.

संध्याकाळी गिलिस वर आला. उभाच राहिला.

“ट्रँटर तापानं फणफणलाय. क्रोलबाई बसलीय त्याच्यापाशी.”

“आणि बाकीचे? कळलं ना त्यांना, की हसणारा दुसराच कुणी आहे?”

“हसणारा कोण ते त्यांना कळलंय, साहेब.” गिलिसचा आवाज अगदी सपाट होता. “माणसं म्हणतात, ट्रँटर विव्हळत होता तेव्हा कॅप्टन हसला.”

“मी?”

“तुमचं ते हसणं सगळ्यांना पाठ आहे.”

“मूर्खा, तो मी नव्हतो!”

“बरं, साहेब,” गिलिस म्हणाला.

६

आता थर्कलला स्वतःचीच शंका येऊ लागली. सवयीचं नाक, आपल्या नकळत वाजत असेल का? त्यानं हे तपासून पाहायचं ठरवलं. दार लावून घेतलं, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला, आणि रुमालाची घडी नाकातोंडावर हातानं घट्ट दाबली. मग रुमालातूनच, घुसमटत, बोलू लागला.

काय बोलावं याचा त्यानं विचार केला नव्हता. तोंडातून हॉलंड निघालं. धुकं, फुटलेला बांध, पाण्यात अडकलेली तुकडी, आणि आपण कमरेइतक्या पाण्यातून मागे जाऊन माणसं कशी काढली. ही गोष्ट त्यानं कितीतरी पंगतींत सांगितली होती. लोक पेले उंचावत. आणि ती खरी होती. आयुष्यात निदान ही एक गोष्ट खरी होती.

तो सांगत गेला. खोली ऐकत होती. मधे एकदाही ‘हुं’ आलं नाही. त्याच्या ध्यानात आलं, की आपण अजिजीनं बोलतोय, शब्द निवडतोय, कुणाला तरी आवडावं म्हणून धडपडतोय. तरी तो थांबला नाही. पाण्यात पडलेल्या पोरसवदा ढोलवाल्याला खांद्यावर घेतल्याची जागा आली. इथं पंगतीत सगळे गप्प होत.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, कंटाळलेली, बेफिकीर. भाषणाच्या मधेच कुणीतरी उठून जावं तशी.

खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर तो बसला होता.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. दार वाजल्याचा आवाज आला नाही, तेव्हा ते खोलीबाहेर गेलं नसावं. भिंतीतल्या गोळ्यांकडे बघत थर्कल तसाच बसून राहिला, रुमाल नाकाला लावून, आणि गोष्टीचा उरलेला भाग त्यानं पुटपुटत पूर्ण केला. ते आता ऐकत नव्हतं, तरीही.

७

अमेरिकन आले ते ढोल वाजवत, उघड्यावरून, मोठ्या तोफा बैलांना जुंपून. लपायची गरजच नव्हती. पांढरं निशाण घेऊन त्यांचा मेजर फिनियस ॲटवूड पुढे आला.

गिलिसनं थर्कलला बाजूला घेतलं. “साहेब, एकदाच बोलतो. त्यांच्या तोफांपुढं हे ओंडके म्हणजे काटक्या. माणसं तुमच्यासाठी लढणार नाहीत. ट्रँटरसारखे आजारी आहेत आत, ती बाई आहे. अटी मागा. होड्या मागा. तुमच्या एका शब्दावर सगळे वाचतील.”

“माझ्या शब्दावर,” थर्कल म्हणाला. त्याचे डोळे कितीतरी रात्रींच्या जागरणानं लाल झाले होते. “पण इथं नको. दरवाजाबाहेर जाऊन बोलतो. बाहेर बोलता येतं.”

दोघं बाहेर गेले. गवतावर ऊन होतं, पलीकडे नदी चमकत होती. ॲटवूडनं टोपी काढून रीतसर विचारलं, “कॅप्टन, रक्त न सांडता किल्ला देता का? तुमच्या आजाऱ्यांना होड्या देऊ. माणसांना सन्मानानं जाऊ देऊ.”

थर्कलनं आयुष्यात प्रथमच समोरच्या माणसाला तुच्छ न लेखता उत्तर दिलं.

“आपण उदार आहात, मेजर. मला अटी मान्य...”

“हुं.”

ते मागून आलं नाही. ते इतक्या जवळून आलं की थर्कलच्या मिशीचे केस हलले.

ॲटवूडचा चेहरा पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला. त्यानं टोपी डोक्यावर चढवली. “कॅप्टन, मी माणसांचे जीव वाचवायला आलो होतो. टिंगल करून घ्यायला नाही.”

“थांबा! मी नाही, तो मी...”

मेजर मागे न बघता निघून गेला. थर्कल त्याच्यामागे धावला, पण समोरच्या रांगेतल्या बंदुका वर उचलल्या गेल्या आणि गिलिसनं त्याला दंडाला धरून दरवाजाच्या आत ओढलं.

“का केलंत असं?” म्हातारा ओरडला. “अहो, का?”

“गिलिस, देवाशपथ, मी नव्हतो.”

“मी तुमच्या शेजारी उभा होतो, साहेब,” गिलिस म्हणाला. त्यानंतर तो थर्कलशी काहीही बोलला नाही. बोलायला वेळही उरला नव्हता. पहिलाच गोळा मेढेकोट फोडून आत आला, आणि बराकीतून आजाऱ्यांना बाहेर काढताना दुसऱ्यानं गिलिसला गाठलं.

८

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. वाचलेल्यांना नदीकाठी बसवलं होतं. ट्रँटर वाचला होता. क्रोलबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि सुटलेली डुकरं गवतातून हिंडत होती. थर्कलला समोरून नेलं जात असताना तिनं मान वर केली.

“हसू आलं का पुरेसं?” तिनं विचारलं.

बाकी कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बराकी जळून गेल्या होत्या. बुरूज तेवढा उभा होता. त्याच्या खालच्या अंगाला आग लागली होती आणि अमेरिकन शिपाई बादल्यांनी पाणी मारत होते. ॲटवूड घाम पुसत जवळ आला.

“तो बुरूज वाचवायचाय मला,” तो कुणाला तरी सांगत होता. “वरची खोली चांगली दिसते.”

“मेजर,” थर्कल म्हणाला. घसा धुरानं बसला होता. “जळू द्या तो. त्या खोलीत कुणी राहू नका.”

ॲटवूडनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “अजून हुकूम सोडताय?”

थर्कलनं खिडकीकडे बोट दाखवायला हात उचलला आणि तिथंच थांबला.

वरच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. धुरात नीट दिसत नव्हतं. खांद्यांची रेघ दिसत होती, आणि वर फिक्कट काहीतरी, जिथं तोंड असावं तिथं. त्याला घाई नव्हती. ते नदीकाठच्या माणसांकडे, तोफांकडे, बादल्या घेऊन धावणाऱ्यांकडे सावकाश बघत आलं, आणि शेवटी त्याची नजर थर्कलवर येऊन थांबली. निदान त्याला तसं वाटलं. पापणी लवते न लवते तोवरच.

मग त्यानं तोंड फिरवलं आणि ते आत गेलं. बघण्यासारखं काही नाही, असं ठरवून.

“काय दाखवत होता?” ॲटवूडनं विचारलं.

थर्कल बुरुजाकडे चालू लागला होता. आधी सावकाश, मग भराभर, मग धावत. शिपायांनी त्याला दरवाजाच्या तोंडाशी गाठून खाली पाडलं तेव्हा त्यांना वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलंय, आगीत उडी घालायला निघालाय. तसं काहीच नव्हतं. तो अगदी शुद्धीवर होता, आणि त्याला भीतीही वाटत नव्हती. त्याला फक्त एकदा वर जायचं होतं. हॉलंडची गोष्ट नीट सांगायची होती, पुन्हा पहिल्यापासून, या वेळी चांगली, म्हणजे ते तोंड निदान शेवटपर्यंत त्याच्याकडे वळलेलं राहिलं असतं.

दोन माणसं त्याच्या पाठीवर बसली होती. तोंड चिखलात दाबलेलं असतानाही तो बोलतच होता.